दोन बोटं माया

माझ्या लग्नाला 2022 च्या डिसेंबरात 25 वर्षं झाली. धाकट्या भावानं मिरजेच्या घरी सगळ्यांना जमवलं, हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि लग्नाच्या कॅसेटवरून स्वतः बनवलेली 22 मिनिटांची फिल्म दाखवली. त्याची दिवसभराची नोकरी. दीड महिना रात्री जागून त्यानं ती जुळवली होती, तीही फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, कुणाकडेही शिकायला न जाता. पान उलटावं तशी दृश्यं उलटत होती, एकातून दुसऱ्यात जाताना चांदण्या सांडत होत्या, मागे अखंड सनई. मी रडले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णा, माझे वडील, भिंतीकडेच बघत बसले होते. दिवे लागल्यावर म्हणाले, "सावधान कुठं गेलं रे?"

कुणाला काही उमगलं नाही. त्यांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला, तेव्हा दिसलं. अंतरपाट धरलाय, मांडव भरलाय, आणि मध्येच सगळ्यांचे हात एकदम वर जातात, अक्षता उडतात. हात खाली येतात. थोड्या वेळानं पुन्हा वर. ज्या शब्दावर ते उठले होते तो शब्द पुसून तिथं सनई घातलेली होती. अख्खा मांडव ऐकू न येणाऱ्या हाकेला ओ देत होता.

मंगलाष्टकं काकांनी म्हटली होती.

काका म्हणजे अण्णांचे पाठचे भाऊ. लक्ष्मी मार्केटमागच्या गल्लीत दोघांचं शिंपीकामाचं दुकान होतं. भिंतीवर संत नामदेवांची तसबीर, तिच्याखाली बेतायचं टेबल आणि टेबलाच्या डाव्या अंगाला काकांचं पायमशीन. अण्णा बेतायचे, काका शिवायचे. तीस वर्षं त्यात बदल नव्हता. अण्णा खडूनं रेघा मारत, कात्री चालवत आणि तुकडे न बोलता डावीकडे सरकवत. काका न विचारता ते जोडत. 2011 मध्ये दुकानाच्या जागेवरून दोघांचं बिनसलं. कोण किती चुकलं ते मी इथं लिहिणार नाही. तो हिशेब आमच्या घरात इतक्यांदा मांडून झाला की त्यातच 11 वर्षं गेली. काका इचलकरंजीला राहायला गेले. मिरजेपासून तासाभराची एसटी, पण आमच्यापैकी कुणी त्या एसटीत बसलं नाही.

भावानं फिल्ममधून नुसती मंगलाष्टकं काढली नव्हती. पंगतीत जिलबी वाढणारे काका नव्हते. मला गाडीत बसवताना दाराशी उभे राहिलेले काका नव्हते. एका ठिकाणी मात्र कोपऱ्यात त्यांची टोपी राहून गेली होती, आणि त्या टोपीनं मला जास्तच गलबलून आलं.

"तुम्हाला त्रास नको म्हणून काढलं, अण्णा," भाऊ म्हणाला. ते खरं होतं. त्यानं रागानं नव्हे, मायेपोटीच काढलं होतं. अण्णा त्याला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा पिताना माझ्या मुलीला म्हणाले, "हे कापायचं-जोडायचं मला शिकव."

अण्णा तेव्हा 78 वर्षांचे होते. हात कापायला लागल्यापासून त्यांनी कात्री खाली ठेवली होती, त्याला तीन वर्षं झाली होती. मुलीला वाटलं, आजोबा दोन दिवसांत कंटाळतील. तिनं माझ्या जुन्या लॅपटॉपवर केडेनलाइव्ह घालून दिलं. केडीई नावाचा जगभरच्या स्वयंसेवकांचा समूह ते बनवतो, 2002 पासून ते घडत आलंय, आणि विंडोज असो की लिनक्स, कुणालाही ते पैसे न देता उतरवून घेता येतं. अण्णांना याचं फार अप्रूप वाटलं. "आपली विद्या अशी उघड्यावर ठेवणारी माणसं आहेत म्हणायची," ते म्हणाले. आमच्या धंद्यात जुना कारागीर नव्या पोराला बाहीचा गोल चार-चार वर्षं शिकवत नसे.

पहिला दिवस वाईट गेला. माउस धरला की बाण सगळ्या पडद्यावर थरथरायचा. तुकडा उचलायला जावं तर शेजारचाच हलायचा. मुलीनं मग माउस बाजूलाच ठेवला आणि त्यांची बोटं कळफलकावर नेली. स्पेस दाबलं की चित्र चालतं, पुन्हा दाबलं की थांबतं. उजवा बाण दाबला की एक फ्रेम पुढं, डावा दाबला की एक फ्रेम मागं. आपल्याकडच्या जुन्या कॅसेटवर एका सेकंदात 25 फ्रेमा असतात, म्हणजे 25 टिचक्या मारल्या की एक सेकंद. कापणाऱ्या हाताला असं एकेक पाऊल टाकायला जमतं. हात थरथरतो, पण बोट कळीवर पडलं की थर तिथंच संपतो. अण्णांनी ते इतक्या चटकन पकडलं की मुलगी बघत राहिली. कापण्याचं हत्यार निवडायला एक्स दाबायचं असतं. पडद्यावर त्याच्यासाठी कात्रीचं चिन्ह आहे. ते पाहून अण्णा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक तुकडा चुकीच्या जागी कापला आणि एकदम हात मागे घेतला. चेहरा उतरला. गिऱ्हाइकाचं कापड वाया गेलं की त्यांचा असाच चेहरा व्हायचा, तो मी लहानपणी दोनदा पाहिला होता. मुलगी म्हणाली, "आजोबा, मूळ व्हिडिओला काहीच झालेलं नाही. तुम्ही इथं कापता ती नुसती नोंद असते. कुठून कुठपर्यंत दाखवायचं, कशानंतर काय, एवढंच या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. व्हिडिओ आपल्या जागी अख्खा असतो."

"म्हणजे हा बेत आहे," अण्णा म्हणाले. "कापड अजून ताग्यातच."

त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावर मलाही ते पहिल्यांदा नीट समजलं. मीसुद्धा शेजारी बसायला लागले होते. संध्याकाळी शिकणं संपलं की मुलगी त्यांना काहीबाही सांगायची. तिनं एकदा सांगितलं, की लुमिए बंधूंनी 1895 मध्ये सिनेमाचं यंत्र लोकांसमोर आणलं, त्यात फिल्म पुढं सरकवायची युक्ती त्यांना शिवणयंत्रावरून सुचली होती. कापड सरकतं, थांबतं, सुई उतरते, पुन्हा सरकतं. त्यांच्या यंत्रात फिल्म तशीच सरकायची, क्षणभर थांबायची, एक चित्र घ्यायची आणि पुढं जायची, सेकंदाला सुमारे 16 वेळा. त्यांचीच चित्रं 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. पुढं फिल्म खरोखरीच्या कात्रीनं कापून जोडायची वेळ आली, तेव्हा अमेरिकेतल्या स्टुडिओंत ते काम पुष्कळदा बायकांकडे असायचं, शिवणाटिपणासारखं काम म्हणून. आणि आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या घरी कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायला सरस्वतीबाई बसायच्या.

अण्णा पाय जवळ घेऊन ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "हे त्याला सांगायला पाहिजे होतं." कुणाला ते त्यांनी सांगितलं नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं.

भावानं फिल्म बनवताना कापलेले साधे तुकडे पेन ड्राइव्हवर ठेवलेले होते. अण्णांचा सराव त्यांच्यावरच चालला होता. चांदण्या त्यांना आवडल्या नव्हत्या. "सांधा दिसला की शिवण वाईट," हे त्यांचं जुनं मत. त्यांना एक दृश्य हलके विरत जाऊन दुसरं त्याच्यातूनच वर यायला हवं होतं. मुलीनं दोन तुकडे शेजारी ठेवले, सांध्यावर ती क्रिया लावायला गेली, आणि सॉफ्टवेअरनं नकार दिला. कडेला पुरेशा फ्रेमा नाहीत, असं काहीसं ते म्हणत होतं. दुसरे दोन घेतले. तेच. तिसरे घेतले. तेच.

"असं का करतंय?"

मुलीनं एक कागद घेतला, फाडून दोन पट्ट्या केल्या. "नुसतं शेजारी ठेवायचं असेल तर कडेला कड लावली की झालं. पण एकात एक विरघळवायचं असेल तर दोन्ही एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत. एका सेकंदाचा असा सांधा हवा असेल, तर त्या सेकंदापुरती दोन्ही दृश्यं एकदमच चालू असतात ना. मग जिथं आपण कापतो, त्याच्या पलीकडंही थोडा व्हिडिओ उरलेला लागतो, दोघांकडंही. मामानं अगदी कडेपर्यंत कापून तेवढंच साठवलंय. पलीकडं काही ठेवलंच नाही."

अण्णांनी दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या, एकीची कड दुसरीवर चढवून बघितली आणि म्हणाले, "माया नाही ठेवलेली."

ज्यांच्या घरी शिवण नाही त्यांच्यासाठी सांगते. कापड बेतताना मापाच्या रेघेवर कात्री चालवत नाहीत. रेघेच्या बाहेर दोन बोटं कापड जास्तीचं सोडतात. शिवल्यावर ते आत दुमडून जातं, बाहेरून कुणाला दिसत नाही. पण शिवण धरून राहते ती त्याच्यावर, आणि उद्या अंग भरलं, पोर वाढलं, तर उसवून सैल करता येतं तेही त्याच्यामुळंच. त्या जास्तीच्या कापडाला मराठीत माया म्हणतात. हा शब्द ज्यानं पहिल्यांदा कापडाला लावला, त्याला माणसांचंही पुष्कळ कळत असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. अगदी मापात कापलेलं कापड टेबलावर फार नेटकं दिसतं. पण ते कशालाच जोडता येत नाही.

अण्णांनी भावाला बोलावून मूळ फाइल मागितली, कॅसेटवरून उतरवलेली, तीन तासांची.

भाऊ गप्प झाला. ती फाइल फार मोठी होती. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे 13 जीबी लागतात, म्हणजे 40 च्या घरात. डिस्क भरली म्हणून काम झाल्यावर त्यानं ती पुसली होती. आणि कॅसेट? आता व्हीसीआर कुठं आहे, म्हणून कॅसेट दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात गेली होती.

तो तसा कच्चा माणूस नाही, पण त्या दिवशी तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि त्याला रडू आलं. अण्णा उठले, त्याच्या पाठीवर थरथरता हात ठेवला आणि म्हणाले, "शूटिंगवाल्यानं दोन कॅसेटी दिल्या होत्या."

इचलकरंजीला अण्णा आणि मी गेलो. एसटीत ते खिडकीशी बसले होते आणि मांडीवर रिकामी पिशवी होती. गावाजवळ आल्यावर यंत्रमागांची खडखड सुरू झाली. काकांच्या गल्लीत ती इतकी होती की कडी वाजवलेली आत ऐकू जाईना. काकूंनी दार उघडलं, आम्हाला बघून पदर सारखा केला, आणि "या भाऊजी" एवढं म्हणून मागं सरकल्या. काका मशीनवर शाळेचा गणवेश शिवत होते. पायमशीन जाऊन आता मोटरचं आलं होतं. त्यांनी शिवण मध्येच न सोडता शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला आणि मग मान वर केली.

पाणी झालं. दोघं भाऊ एकमेकांकडं न बघता गणवेशाच्या कापडाकडं बघत होते. अण्णांनी कड उलटून आतून पाहिली. "माया बरी सोडलीयस."

"पोरं वाढतात," काका म्हणाले.

मग अण्णांनी कॅसेटचं विचारलं. काका आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आले ते पंच्यात गुंडाळलेली कॅसेट घेऊन. वर माझ्या लग्नाची तारीख काकूंच्या अक्षरात. मी ती उलटीपालटी करून पाहिली. कॅसेटच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडून टाकली की व्हीसीआर त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड करत नाही. ती मोडलेली होती.

"ते ह्यांनी मोडलं," काकू म्हणाल्या. "एप्रिल 98 ला, शारजाच्या फायनलच्या दिवशी. पोरांना सचिनची मॅच धरून ठेवायची होती, कोरी कॅसेट मिळेना, तर पोरं हीच घेऊन निघाली होती. ह्यांनी हातातनं काढून घेतली आणि चिमट्यानं मोडून टाकलं. पोरं आठ दिवस बोलली नाहीत."

अण्णांनी पिशवी पुढं केली. काकांनी कॅसेट पिशवीत घातली नाही. पंच्यात परत गुंडाळली. "एसटीत हिसके बसतात," ते म्हणाले. "उद्या मीच घेऊन येतो."

भावानं सांगलीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं चालू व्हीसीआर शोधला, त्याचं हेड पुसून घेतलं, पिवळी, लाल, पांढरी वायर लॅपटॉपला लागणाऱ्या यंत्रात बसवली. काका आले तेव्हा 11 वाजले होते. 11 वर्षांनी ते आमच्या उंबऱ्याच्या आत आले. आईनं न विचारता त्यांच्या चहात साखर अर्धाच चमचा घातली. त्यांना साखरेचा आजार झाल्याचं तिला कोणाकडून कळलं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

आता या कॅसेटचं एक असं असतं, की तिला घाई चालत नाही. फोनमधला व्हिडिओ क्षणात इकडून तिकडं जातो. कॅसेट मात्र तिच्या वेगानंच चालावी लागते. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तास. पुढं पळवून उतरवता येत नाही. म्हणून काकांना तीन तास बसणं भाग होतं, आणि अण्णांनाही. भाऊ फ्रेमा सुटतात का ते बघत जमिनीवर बसला. बाकी सगळे टीव्हीसमोर.

भावाच्या फिल्ममध्ये नसलेलं किती तरी त्यात होतं. मांडवात खुर्च्या मांडणारी पोरं. जनरेटर गेला तेव्हाचा काळोख आणि त्यातली हसाहशी. कॅमेरा विसरून चालू राहिला तेव्हाचे नुसते पाय. त्यांत अण्णांच्या आणि काकांच्या एकाच कातड्याच्या चपला, शेजारी शेजारी. आमची कॅसेट पहिली आणि काकांची तिच्यावरून केलेली नक्कल, म्हणून रंग थोडे उडाले होते. आवाज मात्र स्वच्छ होता. मंगलाष्टकं आली तेव्हा हॉलमध्ये कुणी हललं नाही. काकांचा चाळिशीतला आवाज वर चढला, "सावधान" झालं, पडद्यावरचे हात उठले आणि अक्षता पडल्या. भाऊ वायरीकडं बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

तो उठला, काकांच्या पायाशी गेला. काही बोलू शकला नाही. काकांनी त्याला अर्ध्यातूनच धरून वर उचललं. "बघू दे रे," म्हणाले, "पुढं पंगत आहे."

या वेळी फाइल दोन ठिकाणी साठवली, एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या डिस्कवर. मग काम सुरू झालं आणि ते महिनाभर चाललं. आधी सगळं दोनदा नुसतं बघायचं आणि वहीत कुठल्या मिनिटाला काय आहे ते लिहायचं, असा अण्णांचा नियम. कापड पूर्ण उलगडून बघितल्याशिवाय ते कधी बेतत नसत. मग कच्चा दोरा घालावा तसे तुकडे ओळीनं लावायचे. चांदण्या कुठंच नाहीत. आवाज आणि चित्र वेगवेगळ्या पट्टीवर असतात, त्यामुळं एकाची कड पुढं नि दुसऱ्याची मागं ठेवता येते, हे मुलीनं दाखवल्यावर अण्णांनी ते मांडवाच्या दृश्याला वापरलं. अजून स्वयंपाकघरात पुरणपोळ्या चाललेल्या दिसतात, आणि त्यांच्यावरच काकांचा आवाज सुरू होतो. बायका पोळपाट सोडून बाहेर बघतात. मग मांडव.

काका दर रविवारी येत. शेवटच्या रविवारी मंगलाष्टकांचा सांधा राहिला होता. अण्णा खुर्चीत, काका त्यांच्या डाव्या अंगाला स्टुलावर, भाऊ मागं उभा. अण्णांनी बाण दाबत दाबत काकांच्या पहिल्या शब्दापाशी आणलं आणि एक्सकडं बोट नेलं.

"थांब," काका म्हणाले. "त्याच्या आधी मी श्वास घेतलाय बघ. तो जाईल."

अण्णांनी मागं जाऊन ऐकलं. खरंच, छाती भरून घेतलेला श्वास होता, आणि त्याच्या मागं कुणी तरी पोराला "गप बस" म्हटलेलं. बोट डाव्या बाणावर ठेवून ते थांबले. हात फार थरथरत होता. त्यांनी बोट उचललं आणि कळफलक थोडा डावीकडं सरकवला.

"किती सोडू?"

काकांनी चष्मा वर केला, पडद्याच्या जवळ वाकले आणि बाणावर स्वतःचं बोट ठेवलं.

"दोन बोटं सोड की."